‘वॉरियर जीन’ मुलाला बापाकडून येत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय : ‘शास्त्रज्ञांनी वॉरियर जीन शोधलाय. ज्याच्या अंगात तो, तो मारकुटा निघणारच. मारकुट्या बापाचा मुलगा तसाच होतो तो यामुळेच. संस्कारांनी काही होत नाही.’ हे वाचून एखादी आई आपल्या पोराकडे संशयाने बघायला लागेल, म्हणून लिहितोय.

‘बापाकडून येतो.’ येऊच शकत नाही. हे नाव ज्याला चिकटवलंय ते एमएओए जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्याला बापाकडून वाय मिळतं, एक्स फक्त आईकडून. बापाची बाकीची जनुकं येतात, हे खरं. पण अशा घरात बापाचा मारही मिळतो, आणि त्याबद्दल मजकुरात अवाक्षर नाही.

‘अंगात असेल तर मारकुटा.’ हे जनुक सेरोटोनिन, डोपामिनसारखी मेंदूतली रसायनं मोडणारं एन्झाइम बनवतं. ते कमी बनवणारा प्रकार साधारण तीनांतल्या एका पुरुषात सापडतो, न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अभ्यासात तरी तसंच दिसलं. मग हे सगळे गुंड आहेत का? १९७२-७३ साली जन्मलेल्या तिथल्या मुलांवर संशोधकांनी लहानपणापासून लक्ष ठेवलं : तीन वर्षांच्या पोराला आई झिडकारते का, शिक्षा किती कडक, सांभाळणारं माणूस किती वेळा बदललं, मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झाले का. २००२ मध्ये कॅस्पी, मॉफिट आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडले. एन्झाइम कमी, पण बालपण धड गेलेली मुलं इतरांपेक्षा हिंसक निघाली नव्हती. एन्झाइमही कमी आणि हालही झालेले, असे मुलगे होते १२ टक्के. हिंसक गुन्ह्यांतल्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर होत्या. पुढच्या प्रत्येक अभ्यासात हे इतकं ठळक दिसलं नाही. पण २०१४ मध्ये २७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पुरुषांमध्ये हा संबंध टिकून राहिला.

‘संस्कारांनी काही होत नाही.’ जुळ्यांच्या अभ्यासांतून आक्रमकपणातला साधारण निम्मा फरक अनुवंशिकतेशी जोडला जातो, तोही एका जनुकाशी नाही, असंख्य जनुकांशी. उरलेला निम्मा कुठून येतो, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

आणि ‘माझ्या पोराचं एन्झाइम जास्त असेल, त्याला मार पचेल’ असाही अर्थ कुणी काढू नये. अशा मुलांमध्ये हालांचा परिणाम कमी दिसला, पण तो निकाल समाजविघातक वागण्यापुरता होता. मार खाल्लेल्या पोराच्या मनातली भीती त्यात मोजलेली नव्हती.