नेव्हिगेशन आहे म्हणून इम्प्लांट चुकणारच नाही?

'कॉम्प्युटर नेव्हिगेशनने दात बसवला की चूक शून्य. डॉक्टरांना हाडाच्या आतलं लाईव्ह दिसतं, त्यामुळे नसेला धक्का नाही, चिरा नाही, टाके नाहीत, तीन दिवसांत कायमचा दात. जुने डॉक्टर अंदाजाने भोक पाडतात.' या अर्थाचा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचा स्क्रू, आणि नेव्हिगेशन म्हणजे तो बसवताना ड्रिल कुठे आहे ते पडद्यावर दाखवणारं तंत्र. तंत्र चांगलंच आहे, पण या मेसेजातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य तपासून घ्यायला हवं.

आधी ते 'लाईव्ह'. पडद्यावर दिसतो तो जबडा आत्ताचा नसतो, आधी काढलेल्या सीबीसीटी स्कॅनमधला (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेमधला) असतो. तुमच्या दातांवर एक पट्टी घट्ट बसवतात. तिच्यावर आणि ड्रिलच्या हँडपीसवर खुणा असतात. कॅमेरा त्या खुणांवर नजर ठेवतो आणि ड्रिल हाडात कुठे पोचलं असेल, हे कॉम्प्युटर हिशेब करून त्या जुन्या स्कॅनवर दाखवतो. हाडाच्या आत त्या क्षणी कुणीच बघत नसतं. पट्टी मध्येच जराशी सरकली, तरी पडदा चुकीची जागा तितक्याच ठामपणे दाखवत राहतो. म्हणून जाणता डॉक्टर अधूनमधून ड्रिलचं टोक शेजारच्या दाताला टेकवतो आणि पडद्यावरही ते तिथेच टेकलंय ना, हे बघून घेतो. तोंडात एकही दात नसेल तर पट्टी बसवायला आधारच नसतो; मग बहुतेकदा हाडात छोटे स्क्रू घालून खुणा त्यांच्यावर उभ्या कराव्या लागतात. मेसेजात याचा उल्लेख नाही.

'चूक शून्य' हे तर मोजमापातच बसत नाही. ठरवलेली जागा आणि प्रत्यक्षात बसलेला इम्प्लांट यांची तुलना करणारे बरेच अभ्यास झाले आहेत. नेव्हिगेशनमध्ये सरासरी फरक इम्प्लांट हाडात शिरतो तिथे सुमारे १ मिलिमीटर, त्याच्या आतल्या टोकाशी त्याहून थोडा जास्त आणि कोनात साधारण ३ ते ४ अंश येतो. नुसत्या हाताने केलेल्या कामात कोनाची चूक बरीच मोठी असते, हे खरंच. पण १२ मिलिमीटर लांबीचा इम्प्लांट ४ अंशांनी तिरका गेला तर टोक ०.८ मिलिमीटर बाजूला जातं. शिवाय ही सरासरी झाली. काही इम्प्लांट तिच्या पलीकडे जाणारच. खालच्या जबड्यातल्या नसेपासून २ मिलिमीटर अंतर राखायची शिस्त त्यासाठीच आहे, आणि नेव्हिगेशन आलं म्हणून ती सुटत नाही. नसेची रेघ स्कॅनवर कुणीतरी माणूसच आखतो किंवा तपासतो. स्कॅनच्या वेळी पेशंट हलला, जुन्या धातूच्या कॅपांमुळे चित्र फाटलं, तर ती रेघच चुकते. मग यंत्र त्या चुकीच्या आराखड्याप्रमाणे अगदी इमानेइतबारे वाट दाखवतं.

जुन्यांच्या 'अंदाजा'बद्दल एकच उदाहरण पुरे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली योस्टा लार्सन या पेशंटच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. तेव्हा ना सीबीसीटी होतं, ना नेव्हिगेशन. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर त्या इम्प्लांटवर जेवत होते. चीनमधल्या शीआनला २०१७ मध्ये रोबोटने आपणहून दोन इम्प्लांट बसवले, ही बातमी या मेसेजला हमखास जोडलेली असते. पण तिथेही आराखडा आधी माणसांनीच केला होता.

चिरा टाळता येतो, पण तो हाडाची रुंदी आणि हिरडी पुरेशी असेल तेव्हाच. हाड भरायचं असेल तर हिरडी उघडावीच लागते, टाकेही पडतात.

तीन दिवसांत दात? इम्प्लांट घट्ट धरला गेला असेल तर तात्पुरता दात लगेच बसवता येतो. हाड मात्र आपल्या वेळेनेच जुळतं. जुन्या पद्धतीत खालच्या जबड्याला सुमारे ३ महिने आणि वरच्याला ६ महिने थांबत. पहिल्या काही आठवड्यांत तर स्क्रूची पकड थोडी कमीच होते. जुनं हाड झिजत असतं आणि नवं अजून तयार होत असतं. त्या दिवसांत भाकरी चावायला घेतलीत तर कॅमेरा काय करणार?

आणि 'कायमचा' हा शब्द तर काढूनच टाका. नेव्हिगेशनने बसवलेला इम्प्लांट हाताने नीट बसवलेल्यापेक्षा जास्त वर्षं टिकतो, असं दिसून आलेलं नाही. तो कशाने निघतो, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असायला हवं: आटोक्यात नसलेली साखर, तंबाखू, सिगरेट, जुना पायोरिया, घासायचा कंटाळा. मिश्री लावणाऱ्या आजींना नेव्हिगेशनचं पॅकेज विकण्याआधी मिश्री सोडायला सांगणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

खरा उपयोग होतो तो हाड अरुंद असेल, नस जवळ असेल, किंवा तोंड कमी उघडत असल्याने मागच्या दाढेपाशी छापील गाईड (ड्रिलला वाट देणारा, आधी छापून घेतलेला साचा) आणि लांब ड्रिल मावत नसेल तेव्हा. छापील गाईडची जागा ऐन वेळी बदलता येत नाही, नेव्हिगेशनमध्ये बदलता येते, आणि ड्रिलवर पाणीही मोकळेपणी पडतं. भरपूर हाड असलेल्या एकट्या दाढेसाठी कुणी जादा पैसे मागितले, तर नेव्हिगेशनची गरज नेमकी कुठे पडते ते तुमच्याच स्कॅनवर बोट ठेवून दाखवायला सांगा.