आत्तुकलं

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून 2,240 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे जिना चढताना धाप लागणार याची मनाची तयारी करून आलो होतो. प्रत्यक्षात धाप लागली ती एका शब्दाने. आओरिता.

'आओरा' म्हणजे आत्ता. पण इथल्या लोकांना शब्दांना लाडाचं शेपूट लावायची भारी हौस. 'काफे'चं 'काफेसितो' करतात, तसं 'आओरा'चं 'आओरिता'. म्हणजे आत्ताचं पिल्लू, आत्तुकलं! शब्दकोश म्हणतो, 'अगदी आत्ता'. तो लिहिणाऱ्याने इथल्या प्लंबरला कधी फोन केलेला नसावा.

गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट बिघडला आणि पाणी धो धो वाहू लागलं. हे शहर मुळात तळ्यात वसलेलं. स्पॅनिशांनी तळं उपसायला घेतलं आणि आता पाण्याची बोंब. काही पाणी तर हजारावर मीटर वर चढवून आणावं लागतं. अशा गावात माझी टाकी गळतेय म्हटल्यावर शेजारीपाजारी माझ्याकडे खुन्याकडे बघावं तसं बघू लागले. प्लंबरला फोन केला. तो प्रेमाने म्हणाला, "आओरिता वोय." आत्तुकलंच येतो.

मी खिडकीत बसलो. सकाळ गेली. खालून एका लहान मुलीचा रडवेला आवाज कर्ण्यावर आला. काय झालं म्हणून धावत खाली गेलो, तर भंगारवाला! गाद्या, फ्रिज, शेगड्या, जुनं लोखंड... 2004 साली एका बापाने लेकीच्या आवाजात ही यादी रेकॉर्ड केली आणि शहरभरच्या गाड्या तीच वाजवत फिरतात. संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली म्हणून स्वयंपाकघरात पळालो. ओट्यावर कुकर नव्हताच. रस्त्यावर रताळीवाल्याची गाडी वाफ सोडत होती.

दोन दिवस असेच गेले. खरं तर मला राग यायचं कारण नव्हतं. घराबाहेर पडताना 'येतो' म्हणणारी आणि गादीवर लोळत फोनवर 'हा काय, निघालोच' सांगणारी आपली जात.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. "कुठे आहात?"

"इथेच, तुमच्या घरी," तो म्हणाला.

मी तीन मजले दोन-दोन पायऱ्या गाळत उतरलो. दारात कुत्रं. गच्चीवर गेलो, तिथे पाणी. पुन्हा खाली आलो. माझी ही कवायत बघून खालच्या मजल्यावरच्या सेन्योरा बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतल्यावर हसू दाबत म्हणाल्या, "अहो, तो त्याच्या घरी आहे!"

इथे सभ्य माणूस स्वतःच्या घराला 'तुमचं घर' म्हणतो. माझं ते तुमचंच, अशी रीत. आपणही पाहुण्याला 'घर आपलंच आहे' म्हणतो, पण इतकं मनावर घेत नाही.

चौथ्या दिवशी भल्या सकाळी डोक्याला साबण लावला आणि बेल वाजली. डोळे मिटलेलेच होते, तोंडातून आपसूक गेलं, "आओरिता!"

दोन मिनिटांत टॉवेल गुंडाळून दार उघडलं. कोणी नाही. जिन्यात सेन्योरा झाडत होत्या.

"प्लंबर?"

"आला होता. तुम्ही आओरिता म्हणालात, मग कशाला थांबेल? गेला."

"कुठे?"

"तुमच्या घरी."