होडीचा समुद्र केवढा?

वास्कोतल्या आमच्या ग्रुपांवर आठवडाभर एकच मजकूर फिरतोय: 'समुद्र एवढा मोठा आहे, बंदर वाढलं तर मच्छीमारांचं काय जातं? उलट त्यांच्याच पोरांना नोकऱ्या मिळतील. मासे संपले ते त्यांच्याच हावरेपणानं.' तीन दावे, त्यांतला एकही धड नाही.

समुद्र मोठा आहे, खरंय. पण आउटबोर्ड इंजिनाच्या होडीचा समुद्र म्हणजे जुवारीचं मुख, किनाऱ्यालगतचं उथळ पाणी आणि पेट्रोल परवडेल तेवढं अंतर. मुरगाव बंदराचा चॅनल, म्हणजे जहाजांची खोल वाट, नेमका तिथूनच जातो. रात्री सोडलेलं जाळं प्रवाहाबरोबर वाहत जातं. जहाजाला पटकन वळता येत नाही, थांबणं तर दूरच. सकाळी शेजारच्या ओसरीवर जाळं उलगडतात तेव्हा मधला चार वाव भाग गायबच असतो. मग दोन दिवस सुई घेऊन सांधत बसायचं आणि होडी वाळूवर. हे दोन दिवस कुणी हिशेबात धरत नाही.

चॅनल सुमारे १४ मीटरवरून १९ मीटरच्या पुढे खोल करायचं ठरलं, तेव्हा या लोकांना विचारलंही नव्हतं. वास्कोतल्या खारीवाड्यावरचे होडीवाले हरित लवादाकडे गेले आणि २०१६ मध्ये लवादानं ती पर्यावरण परवानगी रद्द केली, जनसुनावणी टाळली म्हणून. 'काय जातं?' हे त्या सुनावणीत विचारायचं होतं.

नोकऱ्यांचं म्हणाल तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला बरीच माणसं लागतात, पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या बायका वेगळ्या. त्यांतल्या कितीजणांना क्रेनवर घेणार? एखादा पोरगा गेटवर कंत्राटी रखवालदार होतो, झालं.

हावरेपणाचं थोडं मान्य. एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीवर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली, तरी ते दिवे लागतात, आणि बोटी आपल्याच माणसांच्या असतात. पण ट्रॉलरवाला, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटीचा मालक, म्हणजे रापणकर नव्हे. ट्रॉलरसुद्धा 'विकास' म्हणूनच आले, सरकारी अनुदानाच्या जोरावर. सत्तरच्या दशकात मच्छीमारांचे नेते माथानी साल्ढाणा यांच्याबरोबर रापणकर रस्त्यावर उतरले ते ट्रॉलरच्याच विरोधात. पुढे १९८० चा मासेमारी कायदा झाला आणि किनाऱ्यालगत ट्रॉलरना मज्जाव आला. बांगडा-तारली संपेल असं तेव्हा ओरडून सांगत होते ते हेच लोक. मजकूर लिहिणाऱ्यानं खापर फोडायला नेमकं त्यांचंच डोकं शोधलंय.