पिवळा ठिपका आणि देवचार

काल ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत विचारणा झाली, 'आज रजेवर आहात का?' कारण काय, तर चॅटमध्ये माझ्या नावापुढचा हजेरीचा ठिपका पिवळा होता. मी मालवणात, घरच्या पडवीत, संगणकासमोर बसून त्यांनीच धाडलेला लांबलचक करारनामा वाचत होतो. वाचताना बोटं हलत नाहीत, एवढाच गुन्हा. की-बोर्डला किंवा माऊसला शेवटचा हात लागून किती वेळ झाला, तेवढंच हे यंत्र मोजतं. ठरलेली मिनिटं उलटली की माणूस 'दूर'. डोळे त्याच्या खिजगणतीत नाहीत.

नेमके तेव्हाच शेजारचे आबा पेपर न्यायला आले होते. आबा एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. स्टँडवर कुठली गाडी लागली, कुठली सुटली, कुठली रद्द, हे सांगण्यात उमर गेली. ते माझ्या खांद्यावरून वाकले.

"ह्यो ठिपको कित्याचो रे?"

"मी आहे की नाही ते सांगतो, आबा. हिरवा म्हणजे आहे, पिवळा म्हणजे नाही."

"मगे तू आता नाय?"

"नाही."

आबांनी माझा दंड चाचपला. "आसस तर! माका दिसतंस, ह्येका दिसणस नाय?"

मग त्यांनी सगळा मेनू उघडायला लावला. 'व्यस्त' म्हणजे काय? म्हटलं, काम चालू आहे. आणि 'व्यत्यय नको'? म्हटलं, काम चालू आहे, त्रास देऊ नका.

"म्हणजे व्यस्त माणसाक त्रास दिलो तर चलता?"

चालतो, हेच खरं. बऱ्याच ठिकाणी 'व्यस्त'ला ठिपका लाल होतो, पण निरोपांच्या खिडक्या उडी मारून यायच्या थांबत नाहीत. त्या थांबवायच्या तर 'व्यत्यय नको'. दोन्हींचा रंग लाल, फरक मधल्या आडव्या रेघेचा. ती रेघ चष्म्याशिवाय आबांना दिसली नाही, आणि खरं सांगायचं तर चष्म्यासकट मलाही नाही.

"आणि ह्या 'अदृश्य'?"

"मी असतो. सगळ्यांना बघतो. मी कुणाला दिसत नाही."

"देवचार!" न दिसता गावात फिरणारं कोकणातलं भूत आठवून आबा खूश. "ह्या एक बरा आसा. ह्याच लाव."

'लगेच परततो'वर मात्र ते अडले. परततो तर किती वाजता? एवढी साधी गोष्ट लिहायला जागा नाही? स्टँडच्या फळ्यावर त्यांनी 'गाडी लगेच येईल' असं लिहिलं असतं, तर प्रवाशांनी त्यांनाच फलाटावर आडवं केलं असतं.

आबा पेपर घेऊन गेले, मी धुमसत राहिलो. कारण हे कोडं कधीच सुटलेलं आहे. 2004 साली एक्सएमपीपीचं, म्हणजे चॅटच्या प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या सामायिक भाषेचं, मानक ठरलं, त्यात हजर माणसाच्या अवस्था मोजून चार होत्या: गप्पांना तयार, जरा बाजूला, बराच वेळ बाजूला, त्रास नको. काहीच नमूद नसेल तर माणूस नुसता उपलब्ध. शिवाय स्वतःच्या शब्दांत लिहायला एक ओळ. आबांना हवी होती ती हीच. 2010 च्या उबुंटू 10.04 या संगणकप्रणालीत वरच्या पट्टीत उजवीकडे आपल्याच नावाचा मेनू असे. एकदा टिचकी मारली की त्याला जोडलेल्या सगळ्या चॅट खात्यांची अवस्था एकदम बदले. जवळच पाकिटाचं चिन्ह. नवा निरोप आला की त्याचा रंग बदले. पुढे हे दोन मेनू एकत्र केले, ते योग्यच होतं. वर पट्टीत असण्याचाही फायदा आहे: माऊस कितीही जोरात ढकला, कडेच्या पलीकडे जात नाही, म्हणून तिथलं चिन्ह चटकन सापडतं. लक्ष्य मोठं आणि जवळ असेल तर हात लवकर पोचतो, हे पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच मांडून ठेवलंय.

आमच्याकडे आता काय? आधी स्वतःचा फोटो, मग अवस्था, मग बाणाच्या पोटातून निघणारा उपमेनू. माऊस तिरका नेला की वाटेत शेजारची ओळ पेटते आणि उपमेनू गडप. खरं तर प्रोग्रामने माऊसपासून उपमेनूपर्यंतच्या तिरक्या वाटेचा एक न दिसणारा त्रिकोण धरून, माऊस त्यात असेल तेवढा क्षण उपमेनू उघडा ठेवायचा असतो. जुनी युक्ती आहे, कुणी वापरायची तसदी घेतली तर. त्याच यादीच्या तळाशी, बोटभर अंतरावर, 'बाहेर पडा'.

मुळात तीन वेगळ्या गोष्टी एका ठिपक्यात कोंबल्या आहेत. यंत्र जोडलेलं आहे का, माणूस समोर आहे का, आणि त्याला बोलायचं आहे का. पहिल्या दोन यंत्राने ओळखाव्यात, तिसरी माणसानेच सांगावी, आणि माणसाने सांगितलेलं यंत्राने परस्पर पुसू नये. 'व्यत्यय नको'ला मुदत हवी: अर्धा तास, एक तास, संध्याकाळपर्यंत. नाहीतर सोमवारी लावलेलं गुरुवारीही तसंच. मेनू मिटलेला असतानाही अवस्था शब्दांत वाचता यावी, नुसत्या रंगावर सोडू नये. लाल-हिरवा ओळखू न येणारी माणसंही नोकरी करतात. आणि 'दूर' ऐवजी 'अमुक मिनिटं हालचाल नाही' एवढंच लिहिलं तर यंत्राला जेवढं ठाऊक तेवढंच ते बोलेल. त्याला रजेचा वास कुणी घ्यायला सांगितला?

हे होत नाही, म्हणून लोक दुसरं करतात. माऊस आपोआप हलवणारी छोटी यंत्रं चक्क विकत मिळतात. फुकटचा उपाय म्हणजे काट्याचं मनगटी घड्याळ टेबलावर उताणं ठेवून त्यावर ऑप्टिकल माऊस टेकवायचा; खालून सेकंदकाटा सरकला की पडद्यावरचा बाण किंचित थरथरतो आणि ठिपका हिरवा राहतो. घड्याळाची काच मात्र सपाट हवी, फुगीर काचेवर माऊस डुगडुगतो.