दुसऱ्याचा देव हलवण्याची सोपी रीत

गेल्या आठवड्यात नागपुरात एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या एका नातलगांनी जिलेबीचा तुकडा मठ्ठ्यात बुडवता बुडवता गडचिरोलीतल्या सुरजागड डोंगरावरच्या लोहखनिजाच्या खाणीचा प्रश्न निकालात काढला. "डोंगर शासनाचा. देव म्हणाल तर एक दगड. दुसरीकडे छानसे संगमरवरी देऊळ बांधून द्या, विषय संपला." वाढपी मसालेभात घेऊन येईपर्यंत विषय खरोखरच संपला होता. इतके ज्ञान एका पंगतीत विरून जाऊ नये, म्हणून ज्यांना दुसऱ्याचा देव हलवायचा आहे त्यांच्या सोयीसाठी चार सूचना लिहून ठेवतो.

सर्वप्रथम देव नीट पारखून घ्यावा. ज्याला कळस, दानपेटी, विश्वस्त मंडळ आणि मंगळवारची रांग आहे, त्याच्या वाटेला जाऊ नये. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या ठाकूरदेवासारखा देव या कामाला उत्तम. माडिया गोंडांच्या आख्ख्या इलाक्याचा तो देव आहे. जानेवारीत त्याची यात्रा भरते, गावोगावचे लोक डोंगराकडे येतात आणि पूजा पेरमाच्या, म्हणजे माडिया पुजाऱ्याच्या हातून होते. त्याला भिंती नाहीत, कारण ज्याचे देऊळ म्हणजे आख्खा डोंगर, त्याला भिंत कुठे घालणार? अशा देवाच्या नावाने सातबारा नसतो, हे त्याचे मोठेच सौजन्य.

डोंगराला डोंगर म्हणू नये, खाणवाल्यांसारखे 'ब्लॉक' म्हणावे.

हुतात्म्यांचा आदर मात्र अवश्य करावा. इंग्रजांविरुद्ध लढलेले गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यांच्या पुतळ्याला दरवर्षी हार घालावा, फोटो काढून घ्यावा, आणि सुरजागडच्या ज्या गडाशी तिथले लोक त्यांचे नाव जोडतात, तिकडे कॅमेरा वळणार नाही एवढी खबरदारी घ्यावी.

कोणी प्रश्न विचारलाच, तर उत्तर देण्याआधी "तुम्ही नेमके कोणाचे?" असे विचारावे. गडचिरोलीत एवढे पुरते.

आता मुख्य गोष्ट जनसुनावणीची. लोकांना विचारलेच नाही, असा ठपका येऊ नये म्हणून विचारावे, पण लांबून विचारावे. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्यावी, असे पर्यावरण मंजुरीची २००६ ची अधिसूचना सांगते. 'जवळ' हा शब्द मात्र ताणेल तेवढा ताणता येतो. वर्षाला ३० लाख टनांवरून थेट १ कोटी टनांपर्यंत उत्खनन वाढवण्यासाठीची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोली शहरात झाली, म्हणजे डोंगरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. ऑक्टोबरअखेर, म्हणजे हलका धान कापणीला आलेला. त्या दिवसांत आतल्या पाड्यावरच्या माणसाने विळा खाली ठेवावा, आलापल्ली, आष्टी, चामोर्शी करत खड्ड्यांतून जिल्ह्याच्या ठिकाणी यावे, एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे पदरचे घालावे, आणि ज्याच्या घरात माडिया बोलली जाते त्याने कार्यालयी मराठीतला पर्यावरण अहवाल समजून घेऊन दोन मिनिटांत आपले म्हणणे मांडावे. बरे, मांडून काय? तिथे मतदान नसते, ठराव नसतो. 'म्हणणे नोंदवून घेतले' एवढेच असते. ज्यांना विचारायचे ती ग्रामसभा गावातच बसलेली असते, तिला विचारायला कोणाची गाडी जात नाही. आदिवासी भागांसाठीची पाचवी अनुसूची राज्यघटनेत आहे. ग्रामसभेने आपल्या चालीरीती आणि सामूहिक साधनसंपत्ती जपावी, हे १९९६ च्या पेसा कायद्यात लिहिलेले आहे. वनहक्क कायदा २००६ चा आहे, आणि त्याच कायद्याने याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. म्हणजे कायदा माहीत नाही, असे म्हणण्याचीही सोय उरलेली नाही. माहीत आहे, म्हणून तर सभागृह इतके लांबचे घेतले जाते!

असो. सूचना द्यायच्या होत्या, आवाज चढवायचा नव्हता.

शेवटची सूचना: ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचे नाव चुकूनही काढू नये. तिथे सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी सांगितले, की तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या धार्मिक हक्कांना खाणीने बाधा येते की नाही, हे ग्रामसभांनी ठरवावे. त्याप्रमाणे बारा गावांत सभा भरल्या, न्यायाधीश निरीक्षक म्हणून गावात जाऊन बसले, आणि बाराच्या बारा गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. गावाला गावात जाऊन विचारले, तर गाव उत्तर देते. ही बातमी आपल्याकडे पसरणे बरे नव्हे.

आता पंगतीतल्या नातलगांविषयी. चार वर्षांपूर्वी त्यांच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरचे मारुतीचे छोटे देऊळ रस्तारुंदीत येत होते. ते तीन फूट मागे सरकवायचे ठरले, तेव्हा हेच गृहस्थ सतरंजी टाकून तीन रात्री रस्त्यावर बसले, गळा बसेपर्यंत हनुमान चालिसा म्हणाले, आणि देव अजून तिथेच आहे. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. त्यांना त्या शेंदराशी आपले आजोबा बांधलेले वाटतात, ते मला समजते. मग माडियांचे आजोबा कशाशी बांधलेले आहेत, हे तुम्हाला का समजू नये? तुमचा देव तीन फूट सरकत नाही आणि त्यांचा मात्र डोंगरासकट ट्रकमध्ये भरायचा? वर संगमरवराची लाच दाखवायची? डोंगर फोडून नेल्यावर तो देव बसणार कुठे, एवढा साधा प्रश्न तुमच्या मनात येत नाही, कारण त्या लोकांना तुम्ही मुळात शेजारी मानलेलेच नाही. लाज वाटायला हवी. मलाही वाटायला हवी, कारण त्या पंगतीत मी मान खाली घालून मसालेभात कालवत राहिलो.

पुढच्या महिन्यात त्यांच्या नातवाचे बारसे आहे. जेवायला मी त्यांच्याच शेजारी बसणार आहे.