वर्षाच्या आत हिंडायला जाऊ नये

२४ डिसेंबरच्या संध्याकाळी मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. काळं आकाश, पांढरी झाडं, मध्ये कपाळावर टॉर्च बांधलेली मी. पाच मिनिटांत पुण्याहून आत्याचा फोन. ‘‘दादाला जाऊन तीन महिने नाही झाले अजून, आणि तू बर्फात हिंडतेस?’’ रागावली नव्हती ती, दुखावली होती. म्हटलं, ‘‘आत्या, नुसती फिरायला आलेय गं.’’ तर म्हणाली, ‘‘तेच म्हणतेय मी.’’

बाबा दसऱ्यानंतर आठवड्याने गेले. दिवाळीत दाराला आकाशकंदील नव्हता, फराळाचे डबे शेजाऱ्यांकडून आले. रीतच आहे तशी, पण आलेली चकली तोंडात फिरत राहते, घशाखाली जात नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर मी नॉर्वेला, ओस्लोत परतले. इथे सगळं शहर नाताळच्या तयारीत. खिडक्या-खिडक्यांत कागदी तारे लागलेले. आमच्या आकाशकंदिलांचे चुलत भाऊच म्हणायचे, आणि नेमके त्या वर्षी माझ्या डोळ्यांसमोर.

नाताळातलं ओस्लो ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. सूर्य सकाळी सव्वानऊच्या पुढे उगवतो आणि दुपारी सव्वातीनच्या आत मावळतो, तोही दिसला तर. २४ तारखेला दुपारपासून दुकानं बंद होतात. पाच वाजता चर्चच्या घंटा वाजतात आणि जो तो आपापल्या घरात, आपापल्या माणसांत जातो. दिवाळीत आपण दार उघडं टाकतो, इथे सण दार लावून करतात. ऑफिसातल्या एकीने बोलावलं होतं, मीच नाही म्हटलं. परक्यांच्या जेवणाच्या टेबलावर रडू आलं तर काय करा, ही भीती होती.

मग उरलं काय? मेट्रोची पाच नंबरची गाडी. तिचं शेवटचं स्टेशन सॉंग्सवान. बाहेर पडून थोडं चाललं की तलाव, आणि तलावापलीकडे नूरमार्का नावाचं जंगल सुरू होतं ते किलोमीटरच्या किलोमीटर. त्या दिवशी उणे अकरा होतं. एवढ्या थंडीत बर्फ पायाखाली कुरकुरतो, नवीन कोल्हापुरीसारखा. पापण्यांवर दहिवर जमतं. थर्मासमधला आल्याचा चहा झाकणात ओतला की दोन घोटांत कोमट होतो. बसायला इथे प्रत्येकाच्या पिशवीत स्पंजच्या चटईचा एक वीतभर तुकडा असतो. तो बाकावर टाकून बसले. एक आजोबा स्कीवरून गेले, जाताना ‘हाय’ म्हणाले. ट्रॅममध्ये शेजारी बसायलाही कचरणारी ही माणसं जंगलात मात्र हटकून बोलतात. त्या दिवसात समोरासमोर माझ्याशी बोललेला तो एकमेव माणूस, आणि मी कोण, कुठली, एकटी का, हे त्याने विचारलं नाही. तेवढं मला पुरलं. नंतर रडलेही. गालावरचं पाणी गार पडलं की चुरचुरतं म्हणून लवकर थांबले, एवढंच.

आत्याचं म्हणणं मात्र डोक्यातून जाईना. कारण बाबा स्वतः पस्तीस वर्षं रोज पहाटे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जात. आजी गेली तेव्हा तेरावं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ते बूट घालत होते. तेव्हा आत्या काही बोलली नव्हती. तो त्यांचा ‘व्यायाम’ होता, डॉक्टरांनी सांगितलेला. माझं ते ‘हिंडणं’. आपल्याकडे घराबाहेर पायी पडायला कारण लागतं: औषध म्हणून, देव म्हणून, नाहीतर मौज म्हणून. वारी चालते, प्रदक्षिणा चालते. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, त्याला कुणी सहल म्हणत नाही. पण तुमच्याआमच्यासारख्याने मन जड झालं म्हणून डोंगर गाठला की त्याची नोंद थेट मौजेच्या खात्यात होते.

आणि मला वाटतं, घराघरातलं हे खातं सरकारदरबारीही तसंच चालतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यातून एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला, आणि पाहायला नको होता. त्यानंतर काय झालं? मनाईचे आदेश. पावसाळा आला की जिल्ह्याजिल्ह्यांत धबधबे बंद, घाट बंद, अमुक किल्ला शनिवार-रविवार बंद. मौजच आहे ना, बंद केली तर कुणाचं काय अडतं?

नॉर्वेतही १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत डोंगरात १८ माणसं दगावली होती. त्यांनी डोंगर बंद केले नाहीत. रेड क्रॉस आणि १८६८ पासून चालत आलेली इथली गिरिभ्रमण संघटना यांनी मिळून डोंगरात वागायचे नऊ नियम घरोघरी पोचवले. ते आज शाळकरी पोरांनाही पाठ असतात. आठवा नियम सगळ्यांच्या तोंडी असतो: वेळेत मागे फिरा, परत फिरण्यात लाज नाही. १९५७ च्या कायद्याने तर मोकळ्या रानावनात चालायचा हक्कच प्रत्येकाला दिलाय, मग जमीन कुणाच्याही मालकीची असो. तंबूही ठोकता येतो, जवळच्या घरापासून दीडशे मीटर लांब राहिलं म्हणजे झालं. शोक करायला आलात की स्की करायला, याची चौकशी कायदा करत नाही.

आता पुण्याचे वाचक दात काढतील, ते माहीत आहे. अख्ख्या नॉर्वेची लोकसंख्या ५६ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एकट्या पुणे-पिंपरीत त्याहून जास्त माणसं. लोहगडावर पावसाळ्यातल्या रविवारी पायऱ्यांवर जी चेंगराचेंगरी असते, ती पाहून इथल्या रेड क्रॉसनेही हात टेकले असते. गर्दीच्या दिवशी मोजून माणसं सोडली, तर मी त्या बाजूने हात वर करीन. माझं भांडण आहे ते न शिकवता नुसतं कुलूप लावण्याशी.

आणि नॉर्वे काही ऋषींचा देश नाही. इथल्या सरकारी प्रसारण संस्थेने, एनआरकेने, २०२४ च्या जानेवारीत उपग्रहाची छायाचित्रं तपासून दाखवलं, की पाच वर्षांत ४४ हजारांहून जास्त ठिकाणी निसर्ग खोदून, बुजवून काहीतरी बांधलं गेलंय. त्यात रस्ते आहेत आणि सुट्टीत निसर्गाच्या जवळ राहायचं म्हणून बांधलेले बंगलेसुद्धा. पण ओस्लोभोवतीच्या जंगलासाठी २००९ साली वेगळा कायदा झाला, त्यात बांधकामाला मुळातच मनाई आहे. म्हणून तर मेट्रोचं तिकीट काढून मी त्या संध्याकाळी तिथे पोचू शकले.

आमच्या ग्रुपवर त्याच आठवड्यात पुन्हा बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा वाद पेटला होता. हा रस्ता वेताळ टेकडीच्या अंगावरून जायचा म्हणून वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडी वाचवायला पुणेकर मोर्चा घेऊन निघाले होते. त्यात बाबा होते, गुडघ्याला पट्टा बांधून. माझा चुलतभाऊ रोज लॉ कॉलेज रस्त्याच्या गर्दीत तासभर अडकतो. त्याने लिहिलं, ‘‘टेकडीवर जातात चार पेन्शनर. रस्ता वापरणार लाखो.’’ त्याच्या तासाला किंमत नाही, असं मी म्हणणार नाही. मी पुण्यात राहिले असते तर कदाचित मीच ते लिहिलं असतं. पण टेकडी वाचवणारेही बहुतेकदा तिची बाजू मोर, भूजल, प्राणवायू अशीच मांडतात. ते सगळं खरं आहे. पण तिथे माणसं काय घेऊन चढतात आणि काय टाकून उतरतात, ते कुठल्या अहवालात यायचं? पहाटे टेकडीवरच्या खाणीच्या काठावर नुसता बसलेला माणूस रिकामटेकडा दिसतो. शब्दातच टेकडी आहे बघा.

एक गोष्ट मात्र मला अडवते. ओस्लोच्या जंगलात मी संध्याकाळी सहा वाजता, मिट्ट काळोखात, एकटी होते. वाटेवर काही अंतर दिवे होते, पुढे माझा टॉर्च. भीती वाटली ती घसरायची. वेताळ टेकडीवर बाबांनी मला अंधार पडल्यावर कधी एकटीला जाऊ दिलं नाही, आणि टेकड्यांवरच्या लुटालुटीच्या बातम्या वाचल्या की त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. म्हणजे टेकडी वाचली तरी ती अर्धी माझी नाहीच. मोर्च्याच्या फलकांवर हे फारसं दिसत नाही. यायला हवं.

आत्याला यातलं काही मी फोनवर सांगितलं नाही. ‘‘चटकन घरी जा, काहीतरी गरम खा,’’ म्हणाली आणि ठेवला.

एकतीस तारखेला आईचा फोन आला. सकाळी ती बाबांचे बूट पुसून ठेवत होती, तेवढ्यात त्यांच्या टेकडीच्या कंपूतले काका दारात. ‘‘वहिनी, येताय का?’’ आई आयुष्यात टेकडीवर गेली असेल चार वेळा. गेली. ‘‘खाणीपर्यंत गेले,’’ म्हणाली, ‘‘वर देवळापर्यंत नाही जमलं. दम लागला. परत फिरले.’’ मी विचारलं, मोर होते का? ‘‘दिसले नाहीत. ओरडत होते मात्र, कुठून कोण जाणे.’’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘‘आत्याला सांगू नकोस.’’