खरखरतं रेकॉर्डिंग म्हणजे कचरा नव्हे

पुण्यातल्या रॉक ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. प्रेक्षकांत बसून चोरून केलेली कॉन्सर्टची रेकॉर्डिंग म्हणजे कचरा, प्रोग्रेसिव्ह रॉक (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) हे बारकाव्यांचं संगीत असल्यामुळे ते स्टुडिओ अल्बमवरच ऐकावं, आणि कलाकारांनाही ही रेकॉर्डिंग नकोशीच असतात, असं त्यात म्हटलंय. मला यातलं फारसं काही पटत नाही.

आधी बारकाव्यांचं बोलू. २६ एप्रिल १९७५ला पिंक फ्लॉइड हा इंग्लिश बँड लॉस एंजेलिसच्या स्पोर्ट्स अरेनात वाजवत होता. माइक मिलार्ड नावाच्या श्रोत्याने तो कार्यक्रम लपवून नेलेल्या कॅसेट रेकॉर्डरवर टिपला. त्यात ‘रेव्हिंग अँड ड्रूलिंग’ आणि ‘यू हॅव गॉट टू बी क्रेझी’ आहेत. हीच गाणी १९७७ला ‘अ‍ॅनिमल्स’ या अल्बमवर ‘शीप’ आणि ‘डॉग्ज’ या नावांनी आली, तोवर शब्द बरेच बदललेले होते. कच्च्या, अजून घडत असलेल्या रूपातली ही गाणी हजारो लोकांसमोर कशी वाजत होती, हे ‘अ‍ॅनिमल्स’ कितीही वेळा ऐकला तरी कळणार नाही. मला तर हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

आवाज खराब असतो, हे कबूल. हॉलमध्ये बेस घुमतो, शेजारचा माणूस बोलतो. पण बेस थोडा उतरवा आणि दहा मिनिटं थांबा, कान सरावतो. खरखर काढायला मात्र जाऊ नका, तिच्याबरोबर झांजांचा आवाजही जातो. आणि हे आपण पुणेकरांना सांगावं लागावं? जुन्या मैफिलींच्या घरगुती कॅसेट इथे किती घरांत जपून ठेवल्यात! त्यातला खोकला, मध्येच आलेली ‘क्या बात है’ची दाद कुणाला खुपत नाही. ख्याल ऐकताना चालतं, ते मेलोट्रॉन (प्रोग्रेसिव्ह रॉकमधलं टेपवर चालणारं कीबोर्ड वाद्य) ऐकताना का चालू नये?

कलाकारांना नको असतं, हेही सरसकट खरं नाही. किंग क्रिम्सन या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडने १९७२ला ‘अर्थबाउंड’ हा लाइव्ह अल्बम कॅसेटवरच्या रेकॉर्डिंगमधून काढला. आवाज इतका ओबडधोबड होता की अमेरिकेत अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने तो प्रसिद्ध करायला नकार दिला, तरी बँडने तो आपल्या नावाने बाहेर आणला. मिलार्डचं ते रेकॉर्डिंग तर संगीतकार आणि ध्वनिमिश्रक स्टीव्हन विल्सनने दुरुस्त केलं आणि पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’ या अल्बमच्या पन्नाशीनिमित्त २०२५ला निघालेल्या आवृत्तीत अधिकृतपणे आलं.

परवानगीशिवाय केलेलं रेकॉर्डिंग विकून पैसे कमावणं चूकच आहे. मेसेजमध्ये तेवढंच लिहिलं असतं, तर मीही तो पुढे पाठवला असता.